शोकेसमधले कॅप्टन

माझं गाद्यांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी चालवतो, आणि झोप या विषयावर मला कुणी शहाणपण शिकवलेलं अजिबात खपत नाही. लोक येतात, कलिंगड वाजवून बघावं तशी गादी वाजवून बघतात, बाजूला टेकतात, उठतात आणि म्हणतात, "विचार करून सांगतो." अरे, झोपायला विचार कशाला लागतो? विचार करतोस म्हणूनच तर झोप येत नाही. पण हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगता येत नाही.

माझ्या ताईचा नवरा विमान चालवतो. सगळी इमारत त्यांना कॅप्टन म्हणते, मी भाऊजी म्हणतो. ताडमाड उंची, ताठ मान, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या, आणि चेहरा असा की बघूनच वाटावं, या माणसाच्या विमानात बसलो तर सुखरूप उतरणार. मला तर वाटतं, कंपनीने त्यांना त्या चेहऱ्यावरच नोकरी दिली. पण या चेहऱ्याची एक गंमत होती. भाऊजी झोपले तरी तो तसाच राहायचा. लिफ्टमध्ये उभ्या उभ्या डोळा लागला तरी शेजाऱ्यांना वाटायचं, कॅप्टन कसल्या तरी गहन विचारात आहेत. मुलीच्या शाळेत पालकसभेला ते पहिल्या रांगेत बसून गाढ झोपले, तर बाईंनी नंतर ताईला सांगितलं की एवढं मन लावून ऐकणारे वडील आजवर बघितले नाहीत.

त्यांची ड्युटी म्हणजे डोक्याला ताप होता. आज पहाटे निघा, उद्या रात्री निघा, परवा भर दुपारी. शरीराला कळेचना की ही जांभई देण्याची वेळ आहे की दात घासण्याची. दोन उड्डाणांच्या मध्ये विश्रांती असायची, नाही असं नाही. पण कंपनीच्या मते विश्रांती म्हणजे विमानातून उतरल्यापासून परत चढेपर्यंतचा सगळा वेळ. त्यात गाडीची वाट बघणं आलं, रस्त्यातली कोंडी आली, हॉटेलच्या खोलीचं कार्ड दाराला न लागणं आलं, आंघोळ आली, आणि ताईला फोन करून "हो, मस्त झोप झाली" असं खोटं बोलणंही आलं. उरलेल्या वेळात झोपा, असा कंपनीचा उदार कारभार.

घरी आल्यावर तरी झोपावं की नाही? तर तेही नाही. ताईने खिडक्यांना काळे जाड पडदे लावले होते. बेलची वायर काढून टाकली होती. आई माझ्याकडे कमी आणि लेकीकडे जास्त राहते. तिने तोंडात रुमाल धरून आवाज न करता शिंकण्याची कला साधली होती. भाची गृहपाठातल्या कविता नुसते ओठ हलवून पाठ करायची. आणि आत भाऊजी टक्क जागे! मला एकदा म्हणाले, "सगळं घर माझ्या झोपेसाठी एवढं राबतंय म्हटल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मग कसली झोप?" बाहेर सगळे श्वास रोखून आहेत म्हणून हे आत झोपल्याचं सोंग करून पडायचे. त्या सोंगाने आणखी दमायचे.

अशाच एका दिवशी आईचा चष्मा द्यायला ते कामावरून परस्पर दुकानात आले. मी एका बाईंना काथ्याच्या गादीचे गुण समजावत होतो. भाऊजी शोकेसमधल्या नव्या स्प्रिंगच्या गादीवर जरा टेकले. वळून बघतो तर आडवे. अंगात पूर्ण गणवेश, टोपी छातीवर, बूट गादीच्या बाहेर काढलेले, आणि चेहरा तोच, सुखरूप उतरवणारा. मी उठवायला निघालो, तेवढ्यात काचेबाहेर माणसं थांबायला लागली. पाच जण झाले, दहा झाले. एक जण आत आला आणि म्हणाला, "ते कॅप्टन झोपलेत ती गादी द्या." मागोमाग दुसरा. तिसऱ्याने तर गादी न वाजवताच घेतली. मी कशाला उठवतोय?

मग तो रिवाजच पडला. रस्त्यावर हॉर्न वाजतायत, समोर ड्रिल मशीन चालू आहे, पोरं काचेला नाक लावून बघतायत, आणि भाऊजी आपले घोरतायत. तिथे त्यांच्यासाठी कुणी काही करत नव्हतं, म्हणून त्यांना झोप लागायची. ताईला शेजारणीकडून कळलं तेव्हा ती तरातरा आली. मला वाटलं, आता माझी चांगली हजेरी घेणार. पण ती बाहेर काचेपाशीच उभी राहिली, बराच वेळ. आत आली, त्यांच्या पायांवर चादर घातली आणि मला म्हणाली, "तुझा धंदा कर, पण त्यांना उठवलंस तर याद राख."

पण हसण्यावारी न्यावं असं हे प्रकरण नव्हतं, हे मला एका दुपारी कळलं. भाऊजी गादीवर पडले होते, पण डोळे उघडे होते. छताकडे बघत त्यांनी मला जे सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्यांच्या शब्दांत ऐकताना मला दरदरून घाम फुटला होता.

कॉकपिटमध्ये एक पद्धत असते. एकाने एकेक गोष्ट विचारायची, दुसऱ्याने ती डोळ्यांनी बघून उत्तर द्यायचं, "चेक्ड." म्हणजे दोघांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. पद्धत नामी आहे. पण वर्षानुवर्षं तेच तेच केलं की उत्तर तोंडातून आधी बाहेर पडतं आणि नजर मागून जाते. आणि माणूस फार दमला की नजर जातच नाही. त्या दिवशी विमान उतरवताना सहवैमानिकाने विचारलं, चाकं खाली? भाऊजी म्हणाले, "चेक्ड." चाकं पोटातच होती. भाऊजींना ती खाली दिसली, असं ते शपथेवर सांगत होते. सहवैमानिकालाही दिसली, कारण कॅप्टनना दिसली.

आता, चाकं न काढता खाली उतरायला लागलं की विमानात भोंगा वाजतो. त्यांच्या त्या जुन्या विमानात तो गप्प करायचं एक बटण असतं. भोंगा वाजला. भाऊजींनी हात लांब केला आणि पहाटेचा गजर बंद करावा तसं ते बटण दाबलं. वर म्हणाले, "आणखी पाच मिनिटं." आणि शेजारून सहवैमानिक म्हणाला, "बरं."

धावपट्टी वर वर येत होती. टॉवरमधल्या माणसाने दुर्बिणीतून बघितलं आणि रेडिओवर ओरडला, चाकं कुठायत, वर जा. तेव्हा कुठे दोघांची तंद्री मोडली. विमान पुन्हा वर गेलं, गोल फिरलं, व्यवस्थित उतरलं. प्रवाशांना सांगितलं की धावपट्टीवर दुसरं विमान होतं. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या वाजवल्या रे," भाऊजी म्हणाले. "मी दारात उभा राहून सगळ्यांना हसून निरोप दिला. एक आजी माझा हात धरून मला आशीर्वाद देऊन गेल्या."

मी म्हटलं, कंपनीला सांगा, दमलोय म्हणून. तेव्हा त्यांनी विश्रांती विभागाची कथा सांगितली. कंपनीत खरोखरच तसा विभाग आहे आणि त्याला एक अधिकारी आहे. "मी थकलोय" असं जो वैमानिक कळवेल, त्याला सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे विश्रांती प्रशिक्षणाला हजर राहावं लागतं. भाऊजी एकदा जाऊन आले होते. तिथे दिवे घालवून पडद्यावर झोपेचं महत्त्व दाखवतात. दिवे घालवल्याबरोबर सगळे वैमानिक एकजात झोपले. दिवे लागल्यावर अधिकारी खूश झाला आणि म्हणाला, प्रशिक्षणाचा इतका लगेच फायदा झालेला त्याने पूर्वी पाहिला नव्हता. मग सगळ्यांना ताजेतवाने ठरवून त्याच दिवशी दुपारच्या उड्डाणांवर पाठवलं.

हे सगळं चाललं असताना आमच्या मातोश्रींनी घाट घातला. तिला जावयाच्या विमानातून मावशीच्या गावी जायचं होतं. इतकी वर्षं जावई वैमानिक आणि आपण बसने हिंडतो, याची तिला आता लाज वाटायला लागली होती. तिने इमारतीतल्या प्रत्येक मजल्यावर जाऊन ही बातमी सांगितली. तळमजल्यावर दोनदा सांगितली, कारण पहिल्या वेळी तिथल्या बाईंनी पुरेसं आश्चर्य दाखवलं नाही. नवे बूट घेतले. ताई सोबत जाणार होती. दिवस ठरला, आणि नेमके त्याआधी भाऊजींचे एकामागून एक असे फेरे लागले की आदल्या दिवशी दुकानात आले तेव्हा ते काचेच्या दाराला "नमस्कार" करून बाजूला झाले, ते दार आधी जावं म्हणून.

मी सगळं सोडून त्यांना समोर बसवलं. उद्या जाऊ नका, असं स्पष्ट सांगितलं. माझी आई आणि माझी बहीण त्या विमानात असणार आहेत, गुळमुळीत बोलून चालणार नव्हतं.

"काय सांगू त्यांना?" ते म्हणाले. "ताप असला तर थर्मामीटर आहे. पाय मोडला तर प्लास्टर आहे. झोप आलीय हे कशात दाखवू? आणि आई नवे बूट घालून बसल्यात."

"बुटांचं मी बघतो."

"तू त्यांना ओळखत नाहीस," ते म्हणाले आणि बोलता बोलता झोपले.

संध्याकाळी मी ताईला भोंग्यासकट सगळं सांगून टाकलं. ती पांढरीफटक पडली. तिने त्यांना विचारलं, तर तो चेहरा पुढे करून ते म्हणाले, मी ठणठणीत आहे. मी तिला म्हटलं, तू तरी जाऊ नकोस. ती म्हणाली, "ते नेणार असतील तर मी मागे बसणार. मागे कोण बसलंय ते आठवलं तर कदाचित जागे राहतील." मी दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि स्वतःचंही तिकीट काढलं. त्याने काय फरक पडणार होता ते मला विचारू नका.

सकाळी विमानाच्या जिन्यावर भाऊजी आमची वाट बघत उभे होते. आईचा हात धरून त्यांनी तिला एकेक पायरी वर आणलं, खिडकीशी बसवलं, पट्टा कसा लावायचा ते दाखवलं. आई धन्य झाली. लोक चढत होते, सामान वर कोंबत होते. थोड्या वेळाने आईने एअर होस्टेसला पटवलं की आपण कॅप्टनच्या सासूबाई आहोत आणि सासूला कॉकपिट बघण्याचा अधिकार असतो. दार उघडंच होतं. आई पुढे, मी मागे.

दोघे वैमानिक पाठमोरे बसले होते. समोर घड्याळांची आणि बटणांची भिंत.

"जावईबापू, काही खाल्लंत का?" आईने विचारलं.

"चेक्ड," भाऊजी म्हणाले.

आईला वाटलं, विमानात असंच बोलत असतील. "किती ही बटणं! सगळी ध्यानात राहतात?"

"चेक्ड."

आई जरा पुढे वाकली. भाऊजींचे डोळे उघडे होते, समोर लागले होते, पण त्यांत कुणी नव्हतं. माझी आई भोळी दिसते, भोळी नाही. तिने आवाज खाली आणला.

"मी कोण?"

"चेक्ड."

शेजारी सहवैमानिकाने मान डोलावली, म्हणजे ही बाब पूर्ण झाली, पुढची घ्या. आईने भाऊजींच्या गालाला हात लावला आणि त्यांचं तोंड स्वतःकडे वळवलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं. हळूहळू डोळ्यांत ओळख आली आणि ते मनापासून आनंदाने म्हणाले, "अरे वा, आई! तुम्ही कधी आलात?"

आईचा हात त्यांच्या गालावरच होता. भाऊजींच्या लक्षात आलं. जिना, हात, खिडकी, पट्टा, सगळं मागाहून आठवत गेलेलं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तो सुखरूप उतरवणारा चेहरा पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांदेखत मोडला. मला रडू आलं. त्यांनी फोन उचलला.

"मी कॅप्टन बोलतोय," सगळ्या विमानात आवाज घुमला. "मला झोप आली आहे. किती दिवसांची ते मला सांगता येत नाही. आत्ता मी माझ्या सासूबाईंना ओळखलं नाही. मी हे विमान नेणार नाही. तुमची गैरसोय होईल, माफ करा."

सहवैमानिकाने शाळेत करतात तसा एक हात वर केला. "मीपण," तो म्हणाला.

मग जो गलका उठला तो विचारू नका. आधी लोकांना ती थट्टा वाटली. थट्टा नाही म्हटल्यावर भडकले. एक बाई कॉफीचा थर्मास घेऊन धावत आल्या. कुणी डोळ्यांत घालायचे थेंब दिले. एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले की तुम्ही नुसतं वर घेऊन चला, उतरायचं तेव्हाचं तेव्हा बघू. दुसऱ्याने आपण भाऊजींच्या शेजारी बसून त्यांना चिमटे काढायला तयार आहोत असं सांगितलं, तेही फुकट. चौथ्या रांगेतला एक टाय लावलेला माणूस सीटवर उभाच राहिला. "आम्ही दमत नाही का?" तो म्हणाला. "आम्हीपण मरेस्तोवर दमतो. पण गुपचूप कामावर जातो ना?" त्याला टाळ्या मिळाल्या. सासूला ओळखत नाही यात एवढं काय, असंही कुणी तरी मागून बोललं, आणि आईने त्या दिशेला जे बघितलं, त्याने ती रांग गप्प झाली.

भाऊजी त्या सगळ्यांतून टोपी हातात घेऊन चालत गेले. ताई उठली आणि त्यांच्यामागे गेली. लोक तोंडाला येईल ते बोलत होते. एवढे धिंडवडे मी कुणाचे झालेले पाहिले नाहीत, आणि मला त्या माणसाचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. कंपनीने पुढे काय केलं तेही सांगून टाकतो. त्यांना उड्डाणांवरून काढलं आणि रोज पहाटेच्या विश्रांती प्रशिक्षणाला बसवलं. अजून बसतायत.

आम्ही मात्र विमानातच होतो. आईचे बूट तिला उठू देत नव्हते. विश्रांती अधिकारी स्वतः आला, दुसरे वैमानिक निघालेत असं सांगून गेला. ते दोघे आदल्या रात्रभर विमान चालवून घरी पोचले होते आणि त्यांना परत बोलावलं होतं, हे एअर होस्टेसने आम्हाला हळूच सांगितलं. बऱ्याच वेळाने ते आले. एकामागे एक, कडक टोपीत, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. सगळं विमान टाळ्यांनी दणाणलं. टायवाला तर शिट्टी वाजवत होता. पुढच्याने हसून सगळ्यांना हात केला, वळला, आणि कॉकपिटच्या ऐवजी शेजारच्या टॉयलेटचं दार उघडून आत गेला. त्याच्या पाठोपाठ दुसराही आत जायला लागला. दोघांना जागा नव्हती, म्हणून तो दारात अर्धा आत, अर्धा बाहेर उभा राहिला. आतून आवाज आला, "सगळं तयार?" दारातला म्हणाला, "तयार."

टाळ्या एकदम थांबल्या. ते दोघे बाहेर येण्याची सगळे वाट बघत होते. ते येत नव्हते. मग कुठे तरी पट्टा सुटल्याचा आवाज झाला. मग दुसरा. टायवाल्याने वरून आपली बॅग काढली, मग काही न बोलता आईचीही काढून दिली. ढकलाढकली नाही, आरडाओरड नाही, आख्खं विमान रांगेने जिना उतरून प्रतीक्षागृहात परत आलं.

तिथे भाऊजी लोखंडी खुर्च्यांच्या रांगेवर आडवे होऊन झोपले होते. डोकं ताईच्या मांडीवर. टायवाला त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. माफी मागायची असावी. ताईने नुसती मान हलवली, नको म्हणून. तो शेजारच्या खुर्चीवर बसला, टाय सैल केला, आणि बघता बघता त्याची मान कलली. थर्मासवाल्या बाई जमिनीवर बॅगेला टेकून बसल्या आणि तशाच झोपल्या. चिमटे काढणारे झोपले. आई बूट काढून झोपली. थोड्याच वेळात त्या हॉलमध्ये सगळे पसरले होते, तोंडं उघडी, हातात तिकिटं, आणि वरच्या स्पीकरवरून आमच्या उड्डाणाची घोषणा सुरू झाली. वैमानिक तयार आहेत, प्रवाशांनी त्वरित यावं. मग शेवटची सूचना. मग आणखी एकदा शेवटची.

जागे होतो ते मी आणि ताई. तिने माझ्याकडे बघितलं. मी कुणालाही उठवलं नाही.